खालच्या सुरांची बाजू

२ नोव्हेंबर

वाजवून आले! ताई येणारच नव्हती — जुनी खेळणी बघायला कशाला, म्हणे. पण संग्रहालयाने वाजवायची परवानगी दिलीय म्हटल्यावर आली. तिथल्या बाईंनी आधी आमच्या अंगठ्या काढायला लावल्या. दोनशे वर्षांचा पियानो. सगळा लाकडी, आत लोखंडी चौकट नाही, तारांवर पडणाऱ्या हातोड्यांना चामडं. नेहमीसारख्या शेजारी शेजारी बसलो — ताई वरच्या सुरांकडे, मी खालच्या. येत्या मैफलीत वाजवायचीय तीच चार हातांची रचना घेतली.

सवयीने मी दबकत सुरुवात केली. माझं मलाच ऐकू येईना. मग चिडून पूर्ण जोराने वाजवलं. काय सांगू — खालचे जाड सूर, पण एकेक सुटा, दाणेदार! वाजला की लगेच विरतो. ताईचं गाणं जराही बुडालं नाही.

ती पाच मिनिटांत कंटाळून चहाला गेली. मी उठलेच नाही.

३ नोव्हेंबर

म्हणजे रचना लिहिणाऱ्याला अक्कल होती. त्याने 'जोरात' लिहिलंय ते जोरातच हवंय. शाळेत असल्यापासून ताईचं एकच पालुपद — तू हळू, माझं झाकतेस. आणि मी आपली मांजराच्या पावलांनी वाजवत आले.

४ नोव्हेंबर

घरच्या पियानोवर तोच जोर लावला. नुसता सुरांचा चिखल.

६ नोव्हेंबर

सापडलं! जोर तोच, पण सूर चटकन सोडायचा. सूर लांबवणाऱ्या पेडलला पाय लागला-न लागला. आपला पियानो काही जुना होणार नाही, पण जुन्यासारखं बोलायला शिकतो. ताई म्हणाली, मैफल तोंडावर आली आणि तुला हे डोहाळे!

"पेडल माझ्या पायाखाली आहे, ताई."

एवढं बोलले मी.

९ नोव्हेंबर

वाजवलं. दबकले नाही. पहिल्या पानावर ताईने डोळे वटारले, दुसऱ्यावर कोपर मारलं. तिसऱ्यावर तिला काय झालं कोण जाणे — माझ्या सुरांना उत्तरं द्यायला लागली. आधी भांडल्यासारखी, मग हसल्यासारखी. शेवटी अख्खं सभागृह उभं! दाजी दरवेळी पहिल्या रांगेत डुलक्या काढतात. आज आत येऊन म्हणाले, "आज दोघी ऐकू आल्या."

ताईने पानं गोळा केली.

१० नोव्हेंबर

ताईने विचारलं, "पुढच्या वेळी तू वरच्या सुरांकडे बसतेस?"

याच प्रश्नासाठी जन्मभर झुरले.

नको म्हणाले.