कासवाची दोरी

आलापल्ली, १२ नोव्हेंबर १९८४, संध्याकाळ

स्वतःचीच लाज वाटते आज. बाजारात एका म्हातारीच्या टोपलीत दोन कासवं दिसली. मी फॉरेस्ट गार्ड, लगेच दम दिला. "बाई, गुन्हा हाय हा, केस करीन." म्हातारी टोपली तिथंच ठेवून उठून गेली.

दोन्ही नाल्यात सोडायची होती. पण पोरं महिनाभर कासवासाठी मागं लागलेली. मग नाल्याकाठी बसून मी निवड केली. हो, निवड. मोठं कासव डोकं बाहेर काढेना, ते सोडलं. लहान धीट होतं, मान लांबवून माझ्याकडे पाहत होतं. ते पिशवीत घालून घरी आणलं. म्हातारीनं त्याच्या पाठीच्या कडेला भोक पाडून बांधलेली दोरी तशीच राहिली.

पोरं हरखली. शकूनं विचारलं, "बाबा, कुठी भेटलं?"

"जंगलात."

तिनं दोरी हातात धरली. "मंग हे दोरी कोनं बांधली?"

बायको चुलीपुढून वळलीसुद्धा नाही. तिला कळलं असणार. मी दोरी कापायला विळा घेतला, तर शकू म्हणाली, "राहू द्या ना बाबा, पळून जाईन ते."

विळा ठेवून दिला.