तिचा काही त्रास नाही

कीथली,
६ ऑक्टोबर २०१३

ती. व्हेरामावशीस,

हेझलचा सा. न. वि. वि. टेलिफोनवर तुला काही ऐकू येत नाही आणि कानातलं यंत्र तू डब्यात घालून ठेवतेस, तेव्हा पत्राशिवाय इलाज नाही. चष्मा शोध आणि बसून वाच.

इकडे सगळं ठीक, असं लिहायची आपल्याकडे पद्धत आहे. पण ठीक नाही. विस्मरणाच्या आजारामुळे आई ज्या शुश्रूषागृहात आहे, त्या होमची फी चार वर्षं तिच्या आणि बाबांच्या शिलकीतून गेली, आता तळ दिसायला लागला. होमच्या मॅनेजर मॉरीनबाईंनी मला खोलीत बोलावलं, दार लोटलं आणि सांगितलं, की यापुढे गावचं कौन्सिल पैसे भरेल, पण त्यांच्या दराने, आणि तेवढ्यात इथली खोली बसत नाही. आईला डोंगरापलीकडच्या होममध्ये हलवावं लागेल. तिथे जायला दोन बस, आणि बर्फ पडला की वरचा रस्ता बंद. बाबांचे गुडघे कसे आहेत ते तुला ठाऊकच आहे.

मावशी, आई आता फक्त बाबांच्या हातून खाते. दुसऱ्या कुणी चमचा पुढे केला की दातखीळ बसल्यासारखं तोंड मिटते, नाहीतर चावते. बाबा सकाळी न्याहारीच्या आधी जातात आणि तिला झोपवूनच परत येतात. ते पोचले नाहीत तर ती उपाशी राहील. तिला हलवणं म्हणजे काय ते कळलं ना तुला?

लायब्ररीत सल्ला द्यायला एक बाई बसतात. त्यांनी सांगितलं, माणूस नुसतं म्हातारं नसेल, खरोखर आजारी असेल आणि त्याला मुख्य गरज औषधपाण्याची, शुश्रूषेची असेल, तर होमचा सगळा खर्च सरकारी आरोग्यखात्याने उचलायचा असतो. आधी भरलेली फीसुद्धा परत मागता येते. चार वर्षांत हे आम्हाला एका माणसाने सांगू नये! मी अर्ज केला, आणि गेल्या महिन्यात एक नर्स तपासणीला आली.

आणि बाबांनी काय करावं? भल्या पहाटे जाऊन आईला आंघोळ घातली, केसांना रोलर लावले, निळं कार्डिगन चढवलं, ओठांना लिपस्टिक. नर्स आली तेव्हा आई खिडकीपाशी नटून बसलेली, जणू फोटोच काढायचा होता. नर्सने विचारलं, ओरडते का, मारते का, गिळताना ठसका लागतो का. प्रत्येक प्रश्नाला बाबांचं एकच उत्तर, छे हो, तिचा काही म्हणता काही त्रास नाही. मनगटावर आईच्या दातांचे वण होते, ते त्यांनी बाही ओढून झाकले. मी मध्ये तोंड उघडलं तर माझ्याकडे असं बघितलं, की मी परत शाळेतली पोर झाले. नर्सने ऐकलं तेच लिहून नेलं. काल नकार आला.

मी चिडले, खूप बोलले. ते शांतपणे म्हणाले, अगं, ती समोर बसलेली असताना तिच्याबद्दल काय बोलायला हवं होतं मी?

अपील करता येतं. तू त्यांना चार शब्द लिही, तुला ते घाबरतात. लोभ आहेच, त्यात थोडा राग कालवून बाबांसाठी पाठव.

तुझी,
हेझल

•

व्हिटबी,
१० ऑक्टोबर

चि. हेझल हिस व्हेरामावशीचे अनेक आशीर्वाद. चष्मा सापडला, डोक्यावरच होता.

तुझ्या बापाला काय म्हणावं! पण त्याला एकट्याला तरी का बोलू? आमचं अख्खं खानदान तसलंच. आमची आई, म्हणजे तुझी आजी, न्यूमोनियाने फणफणली होती. डॉक्टर येणार म्हटल्यावर बाई उठली, दारातली पायरी दगडाने घासून पांढरीशुभ्र केली आणि मग अंथरुणात जाऊन पडली. डॉक्टर म्हणाला, वा, तुम्ही तर ठणठणीत दिसता. पुढच्या आठवड्यात आम्ही तिला पुरलं. कीथलीच्या निम्म्या बायका अशाच गेल्या गं. कण्हायचं नाही, कुणाला तोशीस द्यायची नाही, छप्पर पेटलं तरी शेजाऱ्याला सांगायचं, जरा ऊबच येतेय.

आर्नल्डला मी वेगळं पत्र टाकलंय. त्यात गोड काही नाही. त्याला लिहिलं, झाकली मूठ सव्वा लाखाची हे खरं, पण तुझ्या मुठीत माझी बहीण गुदमरतेय, ती मूठ उघड. विनी चावते, विनी कपडे ओले करते, विनी मला मागच्या नाताळात ‘चोर बाई’ म्हणाली आणि माझी टोपी खिडकीतून फेकली. ही काय तिची बदनामी झाली? हा तिचा आजार आहे. पाय मोडला असता तर लपवला असता का?

अपील कर. कर म्हणजे करच. आणि त्या दिवशी पहाटे होमच्या दारात तू उभी राहा, रोलर जप्त कर.

माझं विचारशील तर गुडघा, दात आणि शेजारीण, तिन्ही छळतात. तुमच्यावर जीव आहे म्हणून ओरडते, एवढं समजून घे.

तुझी,
व्हेरामावशी

•

कीथली,
१५ नोव्हेंबर

ती. मावशीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र बाबांनी तीनदा वाचलं आणि घडी करून खिशात ठेवलं. अपिलाच्या बैठकीत ते खरं बोलले. सगळं. आई कशी ओरडते, रात्रपाळीच्या मुलीला तिने कसं ओरबाडलं, तिला कसं साफ करावं लागतं. खाली मान घालून, टोपी गुडघ्यावर फिरवत बोलत होते. माझ्याच्याने बघवेना.

आणि तरी अडलं. आरोग्यखात्याच्या मिसेस बूथ आल्या होत्या. बाई वाईट नाहीत. त्यांनी होमच्या रोजच्या नोंदी काढल्या. तिथे लिहिलंय, शांत होती, जेवली, झोपली. वजन ठीक, पाठीला जखम नाही. मी म्हटलं, अहो, हे माझे बाबा दिवसभर तिथे असतात म्हणून! त्या म्हणाल्या, मला पटतंय, नीट सांभाळलेला आजारही आजारच धरायचा असा आमचा नियम आहे. पण वरच्या मंडळींपुढे मला काहीतरी ठेवावं लागेल. मिस्टर सगडन दिवसभर नसताना त्या कशा असतात, याची एक तरी नोंद आहे का? मॉरीनबाईंनी पानं उलटली. एकही नव्हती. बाबांनी एक दिवस चुकवलेला नाही, ताप असतानाही नाही. मिसेस बूथ म्हणाल्या, महिनाअखेर मी पुन्हा येईन.

त्या असं म्हणाल्या नाहीत, की तुम्ही येऊ नका. कुणीच म्हणालं नाही.  बसमधून उतरताना बाबा म्हणाले, त्यांना बघायचंच असेल तर बघू देत. मी व्हेराकडे जातो. इथे राहिलो तर पाय तिकडेच वळतील, आणि टेलिफोनही करू नकोस, ऐकलं की उठून येईन.

मावशी, मी नको म्हणायला हवं होतं. पण ते बोलायच्या आधी माझ्याही मनात तेच आलं होतं, आणि तू म्हणशील खोटं नको लिहूस, म्हणून लिहिते. पंधरा दिवस, मग आईची खोली कायमची राहील, असा हिशेब मी मनाशी केला. त्यांना सांभाळ. शनिवारी दुपारच्या बसने येतील. जाड मोजे दिलेत, ते घालणार नाहीत.

तुझा लोभ त्यांच्या पदरात घाल, मला आत्ता नको.

तुझी,
हेझल

•

व्हिटबी,
२४ नोव्हेंबर

चि. हेझल हिस आशीर्वाद.

तुझा बाप पोचला आणि दुसऱ्या दिवशीपासून माझ्या घराच्या हात धुऊन मागे लागला. फाटकाला तेल घातलं, पन्हाळी साफ केल्या, चांगला चालणारा नळ उघडून बिघडवला. मी म्हटलं, बाबा रे, जरा टेक. तर टेकला, कोट न काढता, दाराकडे तोंड करून.

जेवायच्या वेळी मात्र बघवत नाही. काल बंदरावरून ताजा हॅडक मासा आणला होता. त्याने काटे काढले, बारीक तुकडे केले, एक तुकडा फोर्कवर घेऊन फुंकर मारली, आणि समोर बघितलं. समोर मी.  मग मी तोंड उघडलं आणि म्हटलं, दे, मलाही कुणी भरवलं नाहीये कित्येक वर्षांत. हसला बिचारा. मग उठून परसात गेला आणि बराच वेळ आला नाही.

रोज विचारतो, हेझलचं पत्र आलं का. आज तर घरी निघाला होता. मी त्याचे बूट कोळशाच्या खोलीत लपवले. ऐंशीच्या घरातल्या बाईने करायचं काम आहे का हे? पण म्हटलं, इतकं सोसलं, आता चार दिवसांसाठी पाण्यात नको जायला.

विनीचं खरंखरं लिही. मला खरं लिही, त्याला काय वाचून दाखवायचं ते मी बघते. तुझ्या लोभावर माझा हक्क आहे, तो असा पत्र न लिहून बुडवू नकोस.

तुझी,
व्हेरामावशी

•

कीथली,
२७ नोव्हेंबर

ती. मावशीस सा. न. वि. वि.

हे बाबांना वाचून दाखवू नकोस.

पहिले दोन दिवस आईने हाका मारल्या. नाव घेत नव्हती, नाव तिला आठवत नाही, नुसतं अहो, अहो. घसा बसेपर्यंत. मी भरवायला गेले तर वाटी माझ्या अंगावर आली. एका मुलीचं बोट इतकं चावली, की टाके पडले. मग दारापाशी बसायला लागली, कुणी आलं की मान वर करून एक हाक मारायची, पुन्हा मान खाली. डॉक्टर दोनदा येऊन गेले. थोडं दूध घशाखाली उतरतं, तेही निम्मं ठसक्याने बाहेर. सगळ्याजणी जिवापाड करताहेत गं, कुणाला दोष देऊ?

काल मिसेस बूथ आल्या. दुपारच्या जेवणाला अख्खा वेळ शेजारी बसल्या. काही लिहीत होत्या, मग लिहायचं थांबवलं. जाताना माझा हात धरून म्हणाल्या, पुरे झालं, वडिलांना बोलावून घ्या.

आज सकाळपासून ती हाक मारत नाही. भिंतीकडे तोंड करून पडलीये. मला त्या ओरडण्यापेक्षा याची जास्त भीती वाटते. टेलिफोनवर माझा आवाजच बाबांना सगळं सांगेल, म्हणून पत्र टाकते; त्यांना शनिवारच्या पहिल्या बसमध्ये बसवून दे.

घाईत आहे. माया असू दे.

हेझल

•

व्हिटबी,
३० नोव्हेंबर

चि. हेझल,

आशीर्वाद. तुझा बाप आत्ताच बसमध्ये बसला. तुझं पत्र मी त्याला मोठ्याने वाचून दाखवलं, म्हणजे कागद तुझा आणि मजकूर माझा. विनी बरी आहे, थोडी हट्ट करते, पण जेवते, असं वाचलं. आयुष्यात इतकं सरळ तोंडाने मी कधी खोटं बोलले नव्हते. तो म्हणाला, मला वाटलंच होतं, मुली चांगल्या आहेत तिथल्या. मग दोनदा वाढून घेऊन जेवला.

आता ते निस्तरायचं तुझ्यावर आलं, पोरी. मला शिव्या दे, पण पत्र टाक.

व्हेरामावशी

•

कीथली,
२ फेब्रुवारी २०१४

ती. व्हेरामावशीस,

हेझलचा सा. न. वि. वि. इतके दिवस लिहिलं नाही, तुझी तीन पत्रं उत्तराविना पडली आहेत. रागावली असशील. रागाव.

निकाल लागला. सगळं मंजूर. यापुढचा खर्च आरोग्यखात्याचा, आणि मागची चार वर्षांची फीसुद्धा परत. आईची खोली तीच, खिडकीही तीच. मॉरीनबाईंनी मला मिठी मारली. मी घरी येऊन स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले आणि कशासाठी रडतेय ते माझं मलाच कळेना.

कारण बाबा परत आले त्या दिवशी आईने त्यांना ओळख दिली नाही. पूर्वीही नावाने ओळखत नव्हती, पण हात ओळखायची. बाबांनी हात चोळून गरम केला, गालाला लावला, नेहमीसारखा चमचा खालच्या ओठाला हळूच टेकवला. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी तेच. डिसेंबर तसा गेला, नाताळ तसा गेला. नर्सा पिचकारीने थेंब थेंब पाजतात, त्यावर आहे. इतकी लहान झालीये मावशी, तू ओळखणार नाहीस. डॉक्टर म्हणाले, हा आजार असाच उतरत जातो, तुम्ही इथेच राहिला असतात तरी हे झालंच असतं. बाबांनी त्यांचे आभार मानले. पण ते बाबांना पटलं नाही, आणि मलाही नाही. तरी रोज जातात, सकाळपासून, थंड झालेली वाटी हातात धरून बसतात. मला त्यावरून एकदाही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

मंजुरीच्या पत्रात शेवटी एक कलम होतं. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी होईल, आणि प्रकृतीत सुधारणा दिसली तर मदतीचा फेरविचार होईल. मला वाटलं, बाबा तिथवर वाचणार नाहीत. पण त्यांनी वाचलं होतं.

परवाची गोष्ट. मी संध्याकाळी होममध्ये गेले. आईच्या खोलीचं दार उघडंच होतं, बाहेर व्हरांड्यात एक मुलगी नोंदी लिहीत बसली होती. बाबांनी कस्टर्डचा चमचा आईच्या ओठाला टेकवला, आता त्यांचा हात सवयीनेच जातो. आणि तिने तोंड उघडलं. गिळलं. ठसका नाही, काही नाही. त्यांच्याकडे बघितलं आणि पुन्हा तोंड उघडलं, पिलासारखं.

मी ओरडणारच होते. बाबांनी डोळ्यांनीच मला गप्प केलं. त्यांचे डोळे वाहत होते. चमचा वाटीत ठेवून ते उठले, भिंतीला धरत धरत दारापर्यंत गेले, त्या मुलीला म्हणाले, आजही काही खाल्लं नाही हो तिने, आणि दार लावून घेतलं. मग येऊन दुसरा चमचा भरला.

हे कुणाजवळ बोलू नकोस. आमच्यावर लोभ ठेव, पण गुपचूप ठेव.

तुझी,
हेझल