डावी बाजू वर, उजवी आत

पंचवटी, नाशिक
१२ जून २००४

ती. गोटीरामदादांस,
सुखदेवचा वाकून नमस्कार.

इकडे सगळ्यांच्या प्रकृती ठीक आहेत, मनाने फक्त मी ठीक नाही. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? वहिनींच्या दम्याला नव्या वैद्यांचा गुण आला का? आणि स्टुडिओतल्या डार्करूमचा पंखा नीट बसवून घेतला का? (मागच्या खेपेला तो उलटा फिरून येवल्याची धूळ आत ओढत होता. मी दाखवून दिले तेव्हा तुम्ही हसलात. माणसाने दुसऱ्याची चूक दाखवली की लोक आधी हसतात आणि मग रागावतात, हा माझा जन्माचा अनुभव आहे, आणि या आठवड्यात तर त्याची हद्द झाली.)

दादा, पंपांच्या दुकानातल्या एका जपानी कॅलेंडरवर छत्रीवाल्या बाईचे चित्र पाहून मी या नादाला लागलो (नाद हा तुमचा शब्द, मी अभ्यास म्हणतो), त्याला आता बावीस वर्षे होऊन गेली. त्या चित्रात पाऊस नुसत्या बारीक उभ्या रेघांचा होता आणि तरी मला माझा शर्ट ओला झाल्यासारखा वाटला. तेव्हापासून दिवसा सरकारी कचेरीत कालव्यांचे नकाशे काढायचे आणि संध्याकाळी लाकडी ठशांनी छापलेली जपानी चित्रे अभ्यासायची, असे आयुष्य काढले. मला कॉलेज नाही, गुरू नाही, जपान तर विमानातूनही पाहिलेला नाही. भाषा शिकलो ती रद्दीत सापडलेल्या शब्दकोशावरून. (त्याची मधली काही पाने गायब होती, त्यामुळे काही जपानी शब्द मला आजही येत नाहीत. मी ते कधी लपवलेले नाही. इथले प्राध्यापक किती पाने लपवतात ते विचारा.) शाळांतून, वाचनालयांतून, गणेशोत्सवात ऑर्केस्ट्रा आणि पाककृती स्पर्धा यांच्या सांदीत मी व्याख्याने दिली. लोकांनी मला काय विचारले? 'सर, बोन्सायला पाणी किती घालायचं?' एका मंडळाने निमंत्रणपत्रिकेवर मला 'चिनी-जपानी कलेचे जाणकार' छापले. मी सगळ्या पत्रिकांवरचे 'चिनी' स्वतः शाईने खोडले आणि मगच त्या वाटू दिल्या.

आता मूळ दुःखाकडे येतो. आमचे घर दोन खोल्यांचे. त्यात पलंगाखाली जपान, माळ्यावर जपान, धान्याच्या कोठीमागे जपान. गेल्या पावसाळ्यात ओल येऊन तीन चित्रांना कसर लागली, तेव्हा सुवर्णाने निक्षून सांगितले, की यंदा या घरात एकतर तुमचा जपान राहील नाहीतर माझा फ्रिज. अशा वेळी खंडेरावअण्णा देवासारखे धावून आले. अण्णा म्हणजे गंगापूर रोडवरचे मोठे बिल्डर. माझे एक व्याख्यान त्यांनी शेवटपर्यंत ऐकले होते (पाऊस पडत होता आणि त्यांची गाडी यायची होती, पण ऐकले हे खरे). त्यांनी नव्या इमारतीच्या तळमजल्यावरची एक कोरडी, उजेडाची खोली 'जपानी कला अभ्यास केंद्रा'साठी कायमची द्यायचे कबूल केले. गेल्या रविवारी माझ्या व्याख्यानाआधी त्यांचा सत्कार आणि त्यानंतर त्यांच्या हस्ते मला चावी, असा कार्यक्रम ठरला. दादा, चावी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होती. मी डोळ्यांनी फुगवटा पाहिला आहे.

सत्कार महिला मंडळाच्या पल्लवीताईंकडे होता. त्यांनी कोणालाही न विचारता ठरवले, की शाल नेहमीचीच, आपण अण्णांना किमोनो घालू. इथल्या कारखान्यात आलेल्या एका जपानी इंजिनिअरच्या पत्नी, मोरिताबाई, यांच्याकडून त्यांच्या यजमानांचा किमोनो मागून आणला. आता किमोनोचा एकच नियम आहे आणि तो मी या शहराला कितीदा सांगितला असेल: डावी बाजू वर, उजवी आत. पुरुष असो, बाई असो, जिवंत माणसाचा किमोनो असाच. याच्या उलट फक्त मयताला घालतात. म्हणून तर मी माझ्या प्रत्येक स्लाइडच्या कोपऱ्यावर लाल ठिपका देतो, कारण स्लाइड यंत्रात उलटी बसली की पडद्यावरचा धडधाकट माणूस जपान्याच्या दृष्टीने प्रेत होतो. त्या वेळी मी हॉलच्या मागच्या टोकाला नेमके तेच ठिपके तपासत होतो. मान वर करून पाहतो तो काय! पल्लवीताईंनी आपल्या गाऊनच्या सवयीने उजवी बाजू वर घेतली होती, अण्णांच्या पोटावरून दोन्ही कडा ओढूनताणून आणल्या होत्या, वर पट्ट्याची घट्ट गाठ मारली होती, हातात नारळ दिला होता, आणि लोक टाळ्या वाजवत होते. पहिल्या रांगेत मोरिताबाई तोंडावर हात ठेवून हसत होत्या. जपानी माणसाचे ते हसू मला ओळखता येते. ते हसू नसते.

मी काय करायला हवे होते? सुवर्णा म्हणते, गप्प बसायला हवे होते. मी माइकपाशी गेलो आणि अत्यंत नम्रपणे म्हणालो, की अण्णासाहेबांना जो पोशाख घातला आहे तो जपानात प्रेताला घालतात, तरी कृपया बाजू बदलावी. कोणाला काही कळले नाही. तेव्हा नाशिककरांना समजेल अशा भाषेत सांगावे म्हणून मी खुलासा केला, की रामकुंडावर श्राद्धाला आपण जानवे अपसव्य करतो ना, तसेच हे. दादा, माझ्या बावीस वर्षांच्या कारकिर्दीत श्रोत्यांना माझा मुद्दा इतक्या चटकन प्रथमच समजला. सगळा हॉल गार झाला. (अण्णांची बायपास दोन महिन्यांपूर्वीच झाली होती, हे मला मागाहून कळले. निमंत्रणपत्रिकेवर ते छापलेले नव्हते.) अण्णा मटकन खुर्चीत बसले. त्यांच्या मंडळी नवसाबाई तरातरा स्टेजवर चढल्या. "माझा धनी जिता हाय! जित्या माणसाला मयताचं नेसवलं व्हय गं भवाने?" हे पल्लवीताईंना. मग माझ्याकडे वळून, "आन तू रे मास्तर, माइकवर सांगतो? कानात सांगाया जीभ झडली व्हती?" किमोनो उतरला, नारळ घरंगळला, अण्णा गाडीत बसले, आणि खिशातल्या चावीसकट निघून गेले. माझे व्याख्यान ऐकायला मोरिताबाई, हॉलचा वॉचमन आणि सुवर्णा उरले. मी ते पूर्ण दिले.

पुढचा अन्याय ऐका. सोमवारी अण्णांनी आमच्याच गल्लीतल्या गुरुजींकडून अशुभाची शांती करवली आणि मलाही बोलावणे पाठवले. गुरुजींनी विचारले, की तिकडच्या मयताची दिशा कोणती? मी उत्तर द्यायला सुरुवात केली. मी वेगवेगळ्या पंथांचे मत सांगत असताना (सांगायचे तर नीट सांगावे) गुरुजींनी हात जोडले आणि म्हणाले, "सर, होम विझतोय." शेवटी त्यांनी निर्णय दिला, की दोष कपड्यात नाही, वाणीत आहे. ज्याने अशुभ उच्चारले त्यानेच ते तितक्याच लोकांसमोर मागे घ्यावे. संध्याकाळी अण्णांचा मॅनेजर सुनील स्कूटरवर हजर. "सर, तुम्ही फक्त एवढंच बोला, की माझी चूक झाली, जपानमधे तसं घालणं शुभ असतं. चावी जागच्या जागी हातात."

म्हणजे मी! ज्या माणसाने पत्रिकांवरचे 'चिनी' खोडले, त्या माणसाने माइकवर उभे राहून सांगायचे, की उजवी बाजू वर हे शुभ आहे! सुवर्णा चहा गाळता गाळता म्हणाली, "बोलून टाका की. जपानला कोण कळवायला जातंय?" दादा, मी सुनीलला चहा देऊन परत पाठवला. खोली गेली तर जाऊ दे. पावसाळा तोंडावर आहे, चित्रांना कसर लागू दे, घरात फ्रिज येऊ दे, मी त्याच्यावर बसून अभ्यास करीन. पण डोळ्यांसमोर चूक दिसली आणि सुखदेव गप्प बसला, असे या हयातीत घडलेले नाही आणि घडणार नाही. हे वाक्य तुम्ही हवे तर स्टुडिओत चौकट करून लावा.

वहिनींस नमस्कार. आपली तब्येत सांभाळा.

आपला धाकटा मावसभाऊ,
सुखदेव

ता. क. तिकिटे संपल्यामुळे हे पत्र टाकायचे राहून गेले होते. मधल्या काळात मोरिताबाई मिठाई घेऊन स्वतःच अण्णांच्या घरी गेल्या. किमोनो देताना कसा घालायचा ते सांगितले नाही, सगळी चूक माझी, असे म्हणून त्या इतक्या खाली वाकल्या, की नवसाबाईंना वाटले बाईंना चक्कर आली, आणि त्यांनी त्यांना धरून लिंबूपाणी पाजले. मग मोरिताबाईंनी अण्णांना आपल्या हातांनी पुन्हा किमोनो घातला, डावी बाजू वर. नवसाबाई म्हणाल्या, "आता कसं जित्यावानी दिसतंय." गुरुजींनीही हे चालेल म्हणून सांगितले. अण्णांचा फोटो काढला गेला आणि चावी माझ्या हातात आली. मला एक अक्षरही मागे घ्यावे लागले नाही, याची नोंद घ्यावी.

आणखी एक. आता खरे काम. अण्णांचा तो फोटो मोठा करून केंद्राच्या खोलीत, दारासमोरच्या भिंतीवरच लावला आहे. दादा, फोटोग्राफरने निगेटिव्ह उलटी ठेवून छापली आहे! फोटोत उजवी बाजू वर आली आहे. अण्णा पुन्हा मयत, फक्त हार तेवढा घालायचा राहिला आहे. आणि ते स्वतः फोटोवर खूश आहेत. म्हणतात, आजवरचा हा पहिला फोटो, जो माझ्यासारखा आला. (येणारच. माणूस स्वतःला आरशातच पाहतो.) गुरुवारी उद्घाटन आहे, मोरिताबाई येणार आहेत, आणि त्या पुन्हा तेच हसू हसतील. छापणारा फोटोग्राफर पल्लवीताईंचा सख्खा दीर, त्याला सांगितले की संध्याकाळपर्यंत सगळ्या गंगापूर रोडला कळेल. म्हणून 'केंद्राच्या संग्रहासाठी' असे सांगून मी निगेटिव्ह मागून आणली आहे, ती सोबत जोडली आहे. हुबेहूब तेवढाच मोठा, पण सरळ फोटो छापून बुधवारी पहिल्या एसटीने तुम्ही स्वतः घेऊन या. खोलीची चावी माझ्याकडेच आहे, आपण दोघे गुपचूप बदलू. निगेटिव्हची चकचकीत बाजू दिव्याकडे, मंद बाजू कागदाकडे. (तीस वर्षे तुम्ही हेच करता हे मला ठाऊक आहे, तरी सांगतो.) कोपऱ्यावर मी लाल ठिपका दिला आहे. फोटो लागल्यापासून मी कोणाजवळ अवाक्षर काढलेले नाही. सुवर्णा दोनदा कपाळाला हात लावून ताप पाहून गेली.

शेवटचे. माझे ते वाक्य चौकटीत बसवायचे तूर्त राहू द्या. चौकट मात्र वाया जाऊ देऊ नका, ती फोटोला होईल.