सातव्या दोराचं वजन

सोमवार, ४

नव्या गावात, नव्या खात्यात आज रुजू झाले. टेबलाला खिडकी आहे आणि साहेब मोजकं बोलतात. दोन्ही गोष्टी बऱ्या वाटल्या. काम सोपं: भिंतीवर चढण्याचा सराव चालतो त्या हॉलांची सरकारी सुरक्षा तपासणी. बारा वर्षं बॉयलर तपासले, त्यापेक्षा दोर आणि कड्या थंड तरी आहेत. तपासणीची वही पट्ट्याला बांधून वर न्यायची असते. तिची मागची पानं मी रोजनिशीसाठी घेतली. हे गेल्यापासून बोलायला कुणी नाही.

बुधवार, ६

पहिला हॉल. मालकाला सगळे उस्ताद म्हणतात. मला चढताना पाहून म्हणाले, सरकारी कागदापेक्षा मॅडम लवकर वर पोचल्या.

नियमानुसार प्रत्येक दोराच्या वरच्या कडीला वजनाचा काटा बसवलेला असतो. दोर रिकामा असताना त्यावर शून्य दिसायला हवं. एकशे चाळीस किलोपुढे दोर टिकेल याची हमी नाही.

सहा दोरांवर शून्य. सातव्यावर एकेचाळीस. दोर रिकामा होता. शेजारच्या दोराला लटकून तो हलवून पाहिला, तरी एकेचाळीस.

शेवटच्या महिन्यात यांचं वजन तेवढंच होतं. योगायोग म्हणून सोडून दिलं.

फॉर्मात 'काट्याची चूक' असा रकाना आहे. दिसेल तो आकडा लिहायचा आणि शून्याची कळ दाबायची. तसं केलं. दोर पास. रविवारी शाळेतल्या मुलींची स्पर्धा आहे, त्यामुळे उस्ताद खूश.

गुरुवार, ७

कंबर धरली आहे. ऑफिसचा जिना दोनदा थांबून चढले. साहेब म्हणाले, वय बोलतंय बाई. दुपारी माझ्या खुर्चीचा पाय वाकला.

शुक्रवार, ८

औषधाच्या दुकानात काट्यावर उभी राहिले. एकशे तीन. माझं वजन बासष्ट. दुकानदार म्हणाला, काटा कामातून गेलाय.

नणंद भेटायला आली. म्हणाली, "वहिनी, किती वाळलात. जेवता की नाही?" मला उठवायला तिनं हात दिला आणि तीच पुढे कोसळली. मग चहा न घेता गेली.

शनिवार, ९

जुन्या फायली काढल्या. तपासणी पाच वर्षांनी होते. सातव्या दोराला दर वेळी 'काट्याची चूक' आहे. दर निरीक्षकाचा आकडा वेगळा. माझ्याआधीच्यांचा बारा.

त्यांच्या घरी फोन केला. त्यांच्या पत्नी बोलल्या. त्यांची तीन वर्षांची नात गेली, त्याच महिन्यात त्यांनी तो दोर तपासला होता. आज ती आठची असती, त्या म्हणाल्या, आणि वजनही तसंच वाढतंय. ते आता पलंगावरून उठत नाहीत.

साहेबांना म्हटलं, प्रमाणपत्र रद्द करा. त्यांनी फॉर्म माझ्यापुढे सरकवला. "कारण कुठल्या रकान्यात लिहू, सांगा."

रविवार, १०, सकाळी नऊ

वर आहे. सहाव्या दोराला लटकून लिहिते. चढायला तास लागला. मुली दहाला येणार.

काट्याच्या मागे आणखी एक कळ आहे: मूळ स्थिती. ती दाबली की माझं शून्य रद्द. माझं ओझं परत दोराला. मग आकडा उस्तादांना दाखवायचा, दोर बंद.

दाबली.

एकेचाळीस. अंग हलकं झालं. श्वास पुरतो आहे, कितीतरी दिवसांनी. आणि लगेच वाटलं, यांना इथं टांगून मी घरी —

आकडा थांबत नाही.

त्रेपन्न. बारा त्या नातीचे, फायलीत नोंदले तेवढेच.

मूळ स्थिती म्हणजे फक्त माझं शून्य नव्हे. सगळ्यांचं. पहिल्या तपासणीपासूनचं. बॉयलरला हीच चूक कधी केली नसती.

शहाण्णव.

मुली लवकर आल्या. उस्ताद त्यांना पट्टे बांधताहेत. हाक मारली. गलक्यात ऐकू जात नाही.

एकशे अठरा. दोर ताठ. त्यावर कुणी नाही, तरी ताठ —

पहिली मुलगी सातव्याकडे निघाली. लहान आहे. तीस किलो तरी असेल.

एकशे एकतीस.

पुन्हा शून्य दाबलं तर सगळं माझ्यावर. फक्त यांचं नाही, सगळ्यांचं. सहावा दोर धरेल का —

तिनं दोराला हात घातला.

दाबते.

गळ्याभोवती हात. किती हात. यांचे कुठले ते ओळखू