पाडव्याचा चेक

परतूर, ता. १ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप गिरिधरकाकांच्या चरणी चिन्मयीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मी ओरडले की घरमालकीण दार उघडून बघते, म्हणून हे पत्र. रमाकाकूचा चिवडा पोचला. शाळेत नेला आणि तिथंच संपला.

आता कामाचं. दसरा झाला की आमच्या वाडीतले लोक ऊसतोडीला निघतात, पोरंही सोबत जातात. सातवीतली मीना यंदा जाईल ती लग्न लावूनच. तेरा वर्षांची आहे हो! नवराबायको मिळून एक कोयता धरतात, एकट्या पोरीला मुकादम विचारत नाही, आणि तिला मागं ठेवायचं तर कुणाच्या भरवशावर? तिचे वडील पुंजाराम मला म्हणाले, बाई, रात्रीची सोय करा, मंग लेक तुमची. शाळेत एक खोली रिकामी आहे. तिला पक्कं दार, वीज आणि महिन्याचा किराणा हवा. खिचडी शिजवणाऱ्या बेबीनंदाबाई मुलींजवळ झोपायला तयार आहेत. पण दाराशिवाय मुली ठेवायच्या नाहीत असं मुख्याध्यापकांनी बजावलंय, आणि ते बराबरच आहे.

तुमच्या गल्लीतले लोक वर्गणी काढून शिक्षकांना वर्गासाठी मदत देतात ना? यंदा आम्हाला द्या. अर्ज सोबत जोडलाय. जल्दी करा, एवढीच विनवणी.

तुमच्या लोभातली,
चिन्मयी

जुना जालना, ता. ९ सप्टेंबर

चि. चिन्मयीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं अक्षर पाहून काकू म्हणाली, हिच्या वर्गातल्या पोरांचं कसं होत असेल! पण अर्ज समितीनं एका बैठकीत मंजूर केला. किराणावाले, कापडवाले, पेन्शनर, सगळ्यांनी माना डोलावल्या. अध्यक्ष अण्णासाहेबांचे तर डोळे भरून आले.

फक्त आता पितृपक्ष लागलाय. शुभकार्याचा आरंभ ह्या पंधरवड्यात कोण करणार? चेक दसऱ्याला मंडपात, अण्णासाहेबांच्या हातून द्यायचा ठरलाय. आपला पैसा कुठं चाललाय हे देणाऱ्याला दिसलं पाहिजे, नाहीतर पुढच्या साली कोण देईल? तू उगीच उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग करू नकोस. वेळेवर जेवत जा. काकू रोज तुझी आठवण काढते.

तुझा,
गिरिधरकाका

परतूर, ता. १८ सप्टेंबर

ती. काकांना सा. न.

मंजुरी वाचून मी एकटीच खोलीत नाचले. पण काका, पितरांच्या नावानं दान चालतं, मग जित्या पोरीच्या नावानं का चालू नये? निदान दाराचे पैसे तरी आधी पाठवा. सतरंज्या मी माझ्या मानधनातून आणल्यात. मीनानं त्या झटकून कोपऱ्यात रचल्या आणि कुठली आपली, ते ठरवूनही ठेवलं. पुंजाराम दोनदा शाळेत येऊन गेले. स्थळ पाहिलेलं आहे, म्हणाले, पण मी सध्या न्हाई म्हणून राह्यलो. तेवढ्यावर मी दिवस काढतेय. काकूला सांगा, जेवते मी बिलकुल वेळेवर.

वाट पाहणारी,
चिन्मयी

जुना जालना, ता. ४ ऑक्टोबर

चि. चिन्मयीस आशीर्वाद.

काय लिहू! दसऱ्याच्या पहाटेच अण्णासाहेबांचे चुलतभाऊ वारले. घराला सुतक, कार्यक्रम रद्द. चेक लिहून तयार आहे, पण सुतकातल्या हातानं कसा द्यायचा? आता दिवाळीच्या पाडव्याला, सकाळी, त्याच मंडपात. साडेतीन मुहूर्तांपैकी तोही अर्धा आहेच.

दाराचा खर्चा मी माझ्या खिशातून केला असता गं. पण मी समितीचा सेक्रेटरी, अध्यक्षांच्या आधी मी हात पुढं करणं बरं दिसत नाही. त्यांच्या घरी दुःख, त्यात हा अपमान कशाला? पुंजारामला म्हणावं, इतके दिवस थांबलास, आणखी थोडं थांब. पाडव्याला छान साडी नेसून ये, फोटो काढायचाय.

तुझा,
गिरिधरकाका

परतूर, ता. १९ ऑक्टोबर

ती. काकांना सा. न.

मी पाडव्याला येणार नाही.

सुट्टी लागली म्हणून आईकडे नांदेडला गेले होते. वसुबारसेच्या संध्याकाळी बेबीनंदाबाईंचा फोन आला. सकाळी वाडीतल्या मारुतीपुढं मीनाचं लग्न लावलं. चार माणसं होती. भटजी नाही, वाजंत्री नाही, मुहूर्त कुणी पाहिला नाही. दुपारी ट्रक कर्नाटकाकडे गेला.

मी रातोरात परत आले. मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ ला कळवलं, ग्रामसेवकांकडे गेले. कुठल्या कारखान्यावर गेली ते सांगा, असं जो तो विचारतो. मला सांगता येत नाही. वाडीत उरलेत ते म्हातारे, त्यांनाही सांगता येत नाही. उसाच्या फडात पोरगी कुठं शोधायची, काका?

दसऱ्याला निघालेल्या टोळीबरोबर पुंजाराम गेलेच नव्हते, हे मला आता कळलं. बेबीनंदाबाईंजवळ निरोप ठेवून गेलेत, बाईला म्हणावं रागावू नका, म्या थांबलो होतो, मुकादम थांबला न्हाई. त्यांच्यावर रागवायला माझं तोंड कुठं आहे? थांबा, थांबा म्हणून त्यांना मीच सांगत होते, आणि तुम्ही मला. तुम्ही कुणीच वाईट नाही हो. रागवावं तरी कुणावर, म्हणून रडू येतं.

बाकीच्या मुलीही गेल्या. चेक दुसऱ्या कुणा शिक्षकाला द्या. आमच्या खोलीला आता दार नसलं तरी चालेल.

काकूला नमस्कार. तुमचा लोभ आहे, तो राहू द्या. आशीर्वाद मात्र ह्या वेळी मला नको, मीनाला द्या. कुठं आहे ते मला माहीत नाही.

चिन्मयी