प्रार्थनेचा शेवट कुणी करायचा

पप्पा, येत्या रविवारी उपासनेनंतर मला मंडळीपुढे उभं राहून सांगायचं आहे की देवाने मला कधी आणि कसं बोलावलं. मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडीलजनांमध्ये माझं नाव घातलंय. आपल्या मंडळीत आजवर बाईमाणसाला हे काम कुणी दिलं नव्हतं, म्हणून सगळे खूश आहेत, पाळकसाहेब तर जरा जास्तच. साक्ष लिहून आणा, म्हणजे ऐन वेळी भरकटायला होणार नाही, असं त्यांनी बजावलंय. या आठवड्यात मी रोज दुपारी कागद घेऊन बसते, एखादी ओळ लिहिते आणि खोडते. उठून गॅस पुसते, कपड्यांच्या घड्या घालते, परत येऊन बसते. आज खोडायचाही कंटाळा आला, म्हणून कागदावर सगळ्यात वर तुम्हाला हाक मारली. मंडळीला जे सांगता येत नाही ते तुम्हाला सांगून बघते.

तुमची साक्ष मला तोंडपाठ आहे. गोदीतल्या ऑफिसात एका दुपारी डबा उघडायच्या आधी तुम्हाला एक वचन आठवलं, रडू फुटलं, शेजारच्या टेबलावरचा माणूस पाणी घेऊन धावला, आणि त्या दिवसापासून तुम्ही प्रभूचे झालात. दर वेळी तुम्ही त्याच ठिकाणी थांबायचात आणि चष्मा पुसायचात. मी शाळेत होते तेव्हा मला वाटायचं, प्रत्येकाला अशी एक दुपार मिळते, आपलीही कुठेतरी ठेवलेली असेल. पप्पा, मला ती मिळालीच नाही. जे मिळालं ते साखरेच्या पाण्याच्या पेल्यातून मिळालं, आणि त्याला बोलावणं म्हणावं की नाही हेच मला कळत नाही.

गोडदेवच्या त्या घरात आपण राहायला आलो तेव्हा तुम्हाला केवढा आनंद झाला होता. मुंबईतली एक खोली सोडून स्वतःच्या दोन खोल्या. मागच्या खिडकीतून लांबवर मिठागरं दिसायची, खालच्या गाळ्यात स्टीलच्या ताटांना पॉलिश व्हायचं आणि त्या घरघरीत आपण भजन म्हणायचो. संध्याकाळचा क्रम अजून माझ्या अंगात आहे. तुम्ही ऑफिसातून येऊन हातपाय धुता. शेजारच्या गुजराती काकींकडून आईच्या इन्सुलिनची बाटली आणायचं काम माझं, कारण फ्रिज त्यांच्याकडेच होता. उकळलेली काचेची सिरिंज तुम्ही हातात घेता, आई तोंड फिरवते, तुम्ही तिला इंजेक्शन देता. मग सतरंजी, भजन, आणि एकेकाची प्रार्थना. आधी धाकटा, मग मी, मग आई, आणि शेवट तुमचा. शेवट घरातला मोठा करतो, आणि तुमचं आमेन झाल्याशिवाय कुणी घास तोंडात घालायचा नाही, हा आपल्या घरचा कायदा. इंजेक्शन आणि जेवण यांच्यात जेवढा वेळ जायला हवा, तेवढ्यात तुमची प्रार्थना चपखल बसायची. डॉक्टरांनी वेळ सांगितली होती आणि तुम्ही तीत देवाला बसवलं होतं. आम्हाला वाटायचं, हे सगळं मिळून एकच काम आहे.

आणि काय काय असायचं तुमच्या त्या प्रार्थनेत. पंतप्रधानांना सुबुद्धी, गावाकडच्या चुलत्यांचं पोट, माझं लग्न (दर संध्याकाळी, माझ्यासमोर), धाकट्याचं गणित, आणि उन्हाळ्यात पाण्याचा टँकर. काकी एकदा बाटली देताना मला म्हणाल्या होत्या, "तेरे पप्पा को बोल, दो नंबर विंग का भी नाम ले. सिर्फ अपने विंग का टँकर माँगते हैं." मी येऊन सांगितलं तर तुम्ही हसला नाहीत. दुसऱ्या दिवसापासून दोन नंबर विंग तुमच्या प्रार्थनेत आली आणि शेवटपर्यंत राहिली.

एका दिवसाबद्दल मात्र मी तुमच्यावर अजून रागावलेली आहे. तुम्हाला यायला फार उशीर झाला होता. आम्ही इंजेक्शन दिलं नव्हतं, प्रार्थना केली नव्हती, ताटं पालथी घालून बसलो होतो. तुम्ही दारात आलात, आईचा उतरलेला चेहरा बघितलात आणि माझ्यावर ओरडलात. "मी नसलो तर हिला उपाशी ठेवाल का?" मी मान खाली घातली. मनात म्हटलं, मग शेवट कुणी करायचा ते सांगा ना. पण तुम्ही नाही सांगितलंत. दुसऱ्या दिवशी क्रम तोच, शेवट तुमचाच, आणि तो प्रश्न तसाच राहिला. तुम्ही एक वाक्य बोलून ठेवलं असतंत तर पुढचं काही झालं नसतं, असं मला कितीदा वाटलंय. लगेच दुसरं वाटतं, की पुढचं झालं नसतं तर मी आज कोण असते?

मग तुम्ही गेलात. त्या वेळी धाकटा नुकताच खालच्याच एका गाळ्यात कामाला लागला होता. हॉस्पिटलच्या वऱ्हांड्यात तो भिंतीकडे तोंड करून गुडघ्यांवर बसला होता. नर्सबाईने उठवलं तरी उठेना. तुम्ही होता तोवर त्याच्याइतकी मनापासून प्रार्थना आमच्यात कुणीच केली नव्हती, तुम्हीही नाही. आणि कबरस्तानातून परतल्यावर तेव्हाच्या पाळकसाहेबांनी सगळ्यांदेखत त्याच्याच खांद्यावर हात ठेवला. आता घर तुझं, घराची प्रार्थनाही तुझी, असं ते म्हणाले. त्यांना काय ठाऊक. आईने मात्र ते शब्द गाठीला बांधले. इंजेक्शनचं काम त्याच संध्याकाळी माझ्याकडे आलं. ते मुलीने करावं की मुलाने, असं कुणाच्या मनातही आलं नाही. सुई माझी, शेवट त्याचा.

पहिले काही महिने त्याने ओढलं. आईची प्रार्थना झाली की आम्ही डोळे मिटून त्याची वाट बघायचो, आणि बऱ्याच वेळाने तो "प्रभू, जेवण आशीर्वादित कर, आमेन" एवढं पुटपुटायचा. दिवसेंदिवस ती वाट लांबत गेली. खालची घरघर बंद व्हायची, आमटीवर साय धरायची, आणि आम्ही तिघं डोळे मिटून बसलेले. मी एकदा हळूच म्हटलं, आई, मी करू का? ती म्हणाली, घरात मुलगा असताना? इंजेक्शन मी उशिरा दिलं असतं तर भागलं असतं, हे आज शेंबडं पोरही सांगेल. पण भजनाआधी इंजेक्शन हा तुमचा क्रम होता, आणि तुम्ही गेल्यावर तुमच्या क्रमातली काडीही हलवायची आमच्यात कुणाची हिंमत नव्हती.

त्या संध्याकाळी माझी प्रार्थना झाली, आईची झाली, आणि मग काहीच नाही. मी डोळे मिटून बसले होते. धाकटा शांतपणे म्हणाला, "आई, मला जमणार नाही. मी एकदाच मागितलं होतं, ते नाही मिळालं. आता रोज खोटं कसं बोलू?" मी डोळे उघडले. आईचे मिटलेलेच होते, ती वाट बघतच होती. तिच्या वरच्या ओठावर घाम होता आणि बोटं सतरंजीचे धागे ओढत होती. मी हाक मारली तर तिने मान भलतीकडेच वळवली. मी उठून साखरेचं पाणी करून आणलं, पेला तिच्या तोंडाला लावला, तर तिने ओठ घट्ट मिटून घेतले. जीभ जड झाली होती तिची. "आमेन नाही झालं अजून," ती म्हणाली. धाकटा तिच्या पायांशी आला, पी ना आई, पी ना, करू लागला. तिने त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तू म्हण. मग पिते."

पप्पा, मी त्याचा चेहरा बघितला. त्याने तोंड उघडलं होतं. तो हट्ट करत नव्हता. त्याच्या आत काही उरलंच नव्हतं, आणि आई समोर थरथरत असताना त्याला ते पहिल्यांदा कळत होतं. त्या क्षणी मला आईचा राग आला, पाळकसाहेबांचा आला, तुमचा आला, आणि खरं सांगायचं तर देवाचाही आला. पेला हातात धरूनच मी ओरडले, "प्रभू, ही मरेल. हिला पिऊ दे. येशूच्या नावाने, आमेन." आईने तोंड उघडलं आणि पाणी प्यायली. अर्धं अंगावर सांडलं. मी आणखी केलं, तेही प्यायली. हळूहळू नजर ताळ्यावर आली, मग तिने स्वतःच्या हाताने भात कालवला. धाकटा भिंतीला टेकून रडत होता, आणि आईने त्याचं ताट त्याच्याकडे सरकवलं. नंतर मी भांडी घासत असताना ती मोरीच्या दाराशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "उद्या जरा सावकाश कर. आणि दोन नंबर विंग विसरू नकोस."

झालं. एवढंच झालं. दुसऱ्या दिवसापासून शेवट माझा. बुधवारच्या प्रार्थनासभेत एका जुन्या सभासदांनी कुरकुर केली, की पुरुषमाणसं बसलेली असताना पोरीने आशीर्वाद मागायचा म्हणजे काय. आईने तिथल्या तिथे सांगितलं, की हिचं आमेन झालं नसतं तर तुम्ही आज माझ्या स्मरणार्थ चहा पीत असता. ते गृहस्थ पुढे स्वतःच्या आजारपणात मला बोलावून घ्यायचे. असंच एकेक घर लागत गेलं. मी शिकवायचे ती शाळा सुटली की कुणाच्या बारशाला, कुणाच्या खाटेशी, कुणाच्या नव्या घरात. तुम्ही रोज माझं लग्न मागायचात, ते काही झालं नाही. ते ऐकलं गेलं नाही की वेगळं काही ऐकलं गेलं, हे मी कधी कुणाला विचारलं नाही. आई शेवटपर्यंत माझ्याच हातून इंजेक्शन घेऊन, माझंच आमेन ऐकून जेवली. धाकटा आता मिरा रोडला राहतो. तो अजूनही प्रार्थनेत बसतो आणि अजूनही बोलत नाही. पण रविवारी मंडळीतल्या म्हाताऱ्यांना त्यांच्या दारातून गाडीत घालून आणतो आणि परत सोडतो. त्यातल्या एक आजी त्याला पाळकसाहेब म्हणतात, आणि तो त्यांना सुधारत नाही.

पण मी काय सांगू, पप्पा? रविवारी सगळे विचारतील, बोलावणं कसं आलं. "त्या संध्याकाळी प्रभूने मला हाक मारली" असं मी परवा लिहिलं आणि मलाच लाज वाटली. हाकबीक काही नव्हती. देव माझ्या मनातही नव्हता. पेला होता, आणि तिचे मिटलेले ओठ. ज्या प्रार्थनेने मी सुरुवात केली तिच्यात विश्वास होता की फक्त भीती, हे इतकी वर्षं उलटसुलट करूनही मला सांगता येत नाही. मरणाच्या दारात असलेल्या माणसांचे हात धरून मी मोठ्या खात्रीने बोललेय, आणि घरी येऊन त्याच प्रश्नापाशी येरझाऱ्या घातल्यात. तुम्हाला कधी असं व्हायचं का? चष्मा पुसताना तुम्ही दर वेळी खरंच रडत होतात, की एखाद्या वेळी नुसताच पुसत होतात? हे विचारतेय म्हणून रागावू नका. पुसत असलात तर मला जरा बरंच वाटेल.

मी रविवारी हो म्हणणार आहे. ते ठरलंय, नाही म्हणायला माझ्याकडे कारण नाही. आईची साखर उतरली आणि मी प्रार्थना केली, एवढं सांगेन आणि खाली बसेन. लोकांना ते थोडं वाटेल. हा कागद मात्र मी तिथे वाचणार नाही आणि धाकट्यालाही दाखवणार नाही. त्या संध्याकाळचा त्याचा चेहरा यात आहे, तो मी एकटीनेच बघितलेला बरा.

आणि एक गोष्ट तर मी कुणालाच सांगितलेली नाही. पाळकसाहेब परवा माझं कौतुक करत होते, की ताई प्रार्थना करतात तेव्हा कशा अगदी हरवून जातात. पप्पा, त्या दिवसापासून मी शेवटची प्रार्थना करताना एकदाही डोळे मिटलेले नाहीत. सगळ्यांच्या माना खाली असतात, तोंडाने माझे शब्द चालू असतात, आणि मी एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत असते, कुणाला घाम तर फुटला नाही ना.