पाच ठिकाणचं पाणी

लालबाग, मुंबई
८ एप्रिल १९७३

तीर्थरूप दादांस,
धाकट्या भागूचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. माझी लेक कडू बाळंतपणाला आली आहे आणि तिला नववा लागला आहे, त्यामुळे चांगुणाच्या लग्नाला मला येता येणार नाही. सोयरीक मी जमवली आणि लाडू मात्र पार्सलने खायचे, असं माझं नशीब. वहिनीला सांगा, रागावू नकोस, मी इथूनच अक्षता टाकीन.

आता कामाचं. काल तुमचे होणारे व्याही आबासाहेब घरी आले होते. म्हणाले, मंडळी गिरणीतून रजा काढून एवढी लांब येणार, तर नुसत्या अक्षता टाकून परत कशाला फिरायचं? दोन दिवस आधी येतो. तिकडे बघण्यासारखं काय आहे, खाण्याजोगी हॉटेलं कोणती, हे भावाकडून लिहून मागवा. पंचवीस-तीस माणसं होतील. खर्ड्याच्या किल्ल्याचं वर्णन मी चाळीत जरा सढळ हाताने केलं होतं, तो तर सगळ्यांनाच बघायचा आहे.

सोबत विहीणबाई दगडाबाईही होत्या, सुपारी कातरत बसल्या होत्या. निघताना तेवढं विचारलं, की पेपरात दुष्काळाचं येतंय, मिरजगावला पाऊस कसा झाला? मी सांगितलं, आमच्याकडे बरा झाला. लगेच उत्तर धाडा.

माया आहे ती कमी होऊ देऊ नका.
तुमची,
भागू

०

मिरजगाव
१५ एप्रिल १९७३

चि. सौ. भागूस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. मिरजगावला पाऊस बरा झाला हे तुझ्याकडून कळल्यावर आनंद झाला. इथे कोणाला पत्ताच नव्हता. निम्मं गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडतंय, त्यांनाही वाचून दाखवतो.

पाहुण्यांना हॉटेल म्हणशील तर स्टँडवर बन्सीचं आहे. यंदा त्याचा चहा फार उत्तम होतो. गवळ्यालाच दुधात घालायला पाणी मिळत नाही, मग चहा बिघडणार कसा? प्रेक्षणीय म्हणशील तर आमची विहीर. पार तळ दिसतो. आजोबांच्या हातून पडलेली घागर मी जन्मात पहिल्यांदा पाहिली.

भागू, थट्टा बाजूला ठेवतो. टँकर येतो तो देवाच्या मर्जीने. लग्नासाठी आम्ही महिनाभर तांब्या-तांब्याने वाचवून हौदात पाणी साठवलंय. हळद, स्वयंपाक, पंगत, सगळं त्यावर. तीस माणसं दोन दिवस आधी येऊन मुंबईच्या हिशेबाने न्हाऊ-धुऊ लागली, तर लग्नादिवशी पंगतीला हात धुवायला पाणी उरणार नाही. आणि येऊ नका म्हटलं, तर कारण सांगावं लागेल. मग माझ्या लेकीला जन्मभर ऐकावं लागेल, की बापाच्या घरी प्यायला पाणी नव्हतं. ते मला सोसायचं नाही.

म्हणून मी तोड काढली आहे. सहादेवचा ट्रक सांगितलाय. पाहुणे उतरले की चहा पाजून ट्रकात घालायचे आणि जिथे पाणी आहे तिथे दोन दिवस फिरवायचे. व्याह्यांना असं कळव: पहिला दिवस नगर. चांदबिबीचा महाल, मग धर्मशाळेत आंघोळ (तिथे नळ आहे), जेवण राहीबाईच्या खानावळीत (तिथेही नळ आहे) आणि मुक्काम धर्मशाळेतच. दुसरा दिवस खर्ड्याचा किल्ला. शेजारीच चांगुणाच्या मामाचा, कानिफनाथचा मळा. त्याला विचारलं तर म्हणाला, लई न्हाई पन पानी हाय, पाव्हनं खुशाल आना. नळांचं तेवढं व्याह्यांना लिहू नकोस.

कडूला जपा. आशीर्वाद आहेतच, पत्राची वाट बघतो.
तुझा,
काकासाहेब

०

मिरजगाव
१४ मे १९७३

चि. सौ. भागूस,
अनेक आशीर्वाद.

लग्न थाटात पार पडलं. लाडू वेगळे पाठवलेत. चांगुणाला पाठवताना मी पागोट्याचं टोक तोंडात धरून उभा होतो. तुझी वहिनी अजून दोन माणसांच्या भाकरीऐवजी तिघांच्या थापते. घरात करमत नाही.

पण आपली युक्ती फत्ते झाली. मंडळी इतकी खूश, की आबासाहेब म्हणाले, असं आदरातिथ्य मुंबईत विकत मिळत नाही. त्यांचे मेहुणे नगरला एका दिवसात दोनदा न्हाले. मी जाईन तिथे आंघोळीचा आग्रह करत होतो आणि लोक म्हणत होते, काय हा प्रेमळ माणूस! कोणाला म्हणून शंका आली नाही. मुंबईची माणसं हुशार असतात असं तूच सांगायचीस ना?

डोकं उठवलं ते फक्त तुझ्या विहीणबाईंनी. नगरला जेवण होतंय तोच त्यांनी कुळाचार काढला. म्हणे, आमच्यात नवरदेवाला पाच ठिकाणचं पाणी घालतात. मी म्हटलं, घ्या, पाच तांबे भरून घ्या. छे! तांब्याने चालत नाही. ट्रकात दोन रिकामी पिंपं होती, ती भरायला लावली. राहीबाईकडून तेलाचे रिकामे डबे मागून घेतले, घासले, भरले. वरपक्षातल्या प्रत्येक सवाशिणीच्या मांडीवर एक डबा. खर्ड्याहून येताना सगळ्यांची लुगडी भिजली, पण दगडाबाईंनी एका बाईला डबा खाली ठेवू दिला नाही. मी मनातल्या मनात काय काय बोललो ते पत्रात लिहिण्याजोगं नाही. नवरदेव तो एक, हत्ती तर नव्हे!

बरं, त्याला घातलं किती? पाच लोटे. उरलेलं परत न्यायचं नसतं म्हणे, मुलीच्या दारात ठेवायचं असतं. ठेवा बापड्यांनो. आचाऱ्याने ते सगळं घेतलं आणि पंगत उठेपर्यंत पुरलं. हौद अजून निम्मा आहे, आळीतल्या बायका त्यावरच पाणी पितायत. तेव्हा कुळाचार विचित्र असला तरी माझी तक्रार नाही. फक्त चांगुणाला सांग, असल्या घरात जरा सांभाळून राहा.

बाळंतपणाचं कळव. सगळ्यांना आठवण सांग.
तुझा,
काकासाहेब

०

लालबाग, मुंबई
२२ मे १९७३

तीर्थरूप दादांस,
सा. न. वि. वि.

कडूला मुलगी झाली. दोघी सुखरूप. लाडू पोचले, निम्मे चाळीने खाल्ले.

काल चांगुणाला बघून आले. चांगली आहे, गालावर थोडं मांस चढलंय. सवय मात्र गेली नाही. नळ करंगळीएवढ्या धारेने सोडते आणि तांदूळ धुतलेलं पाणी बाजूला ठेवते. सासू रागावत असेल म्हणून मी तिलाच विचारलं, तर म्हणाली, आत्या, सासूबाईपण तसाच सोडतात.

मग मी विहीणबाईंजवळ तुमचा तो पाच ठिकाणच्या पाण्याचा विषय काढला. म्हटलं, आमच्यात नाही हो असा कुळाचार. त्या म्हणाल्या, आमच्यात तरी कुठे आहे?

दादा, त्यांचे भाऊ पुण्यात, म्हणून मी माहेर पुण्याचंच धरून चालले होते. मूळ गाव पारनेरकडचं. बापाने दुष्काळातच गाव सोडलं. त्याच्या आधी थोरल्या बहिणीच्या लग्नात बापाने वऱ्हाडाला असंच देवदर्शनाच्या नावाने विहिरी-विहिरींवर फिरवलं होतं. तरी लग्नादिवशी पाणी संपलं, आणि सासरच्यांनी ते बहिणीला मरेपर्यंत ऐकवलं. माझं 'पाऊस बरा झाला' त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. बन्सीच्या हॉटेलात तुम्ही स्वतः पाणी न पिता पेला पुढे सरकवलात, तेव्हा उरलीसुरली खात्री झाली. मी म्हटलं, मग दादांना बोलला का नाहीत? तर म्हणाल्या, एवढ्या कष्टाने झाकलेलं मी कशाला उघडू? आबासाहेबांनाही अजून तो कुळाचारच वाटतो.

मला तिथेच रडू आलं. तुम्हालाही येईल, तेव्हा हे पत्र वहिनीसमोर वाचू नका.

एकच राहिलं म्हणाल्या. बाकी मंडळी किल्ला बघत होती तेव्हा त्या स्वतः चांगुणाच्या मामांच्या विहिरीवर डबे भरून घेत होत्या. म्हणून आता पाऊस झाला की त्यांना खर्ड्याला न्या आणि किल्ला नीट दाखवा. आंघोळीचा आग्रह मात्र करू नका.

आहे तसाच जीव लावा.
तुमची,
भागू